ग्वांतानामोच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे?

दरवर्षी ११ जानेवारी आली की आपल्या मोबाइलवर तेच छायाचित्र फिरू लागते. नारिंगी कपड्यांतले कैदी, डोळे झाकलेले, कान झाकलेले, तारेच्या कुंपणाआड गुडघ्यांवर बसलेले. खाली कोणीतरी लिहितो, ‘हेच का ते मानवाधिकार?’ आपण ते पुढे पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. हे छायाचित्र कोणा पत्रकाराने चोरून काढलेले नाही. अमेरिकी नौदलाच्याच छायाचित्रकाराने ते काढले आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच ते जगाला दिले. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्या दिवशी त्यांना वाटलेच नव्हते.

राग यावा असेच ते चित्र आहे. पण नुसत्या रागाने एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ज्यांनी हा तुरुंग उघडला त्या जॉर्ज बुश यांनीच २००६ मध्ये तो बंद करायला आवडेल असे म्हटले होते. २००८ च्या निवडणुकीत ओबामा आणि मॅकेन या दोन्ही उमेदवारांनी तो बंद करण्याचे आश्वासन दिले होते. ओबामांनी तर शपथ घेतल्यावर दोनच दिवसांत, २२ जानेवारी २००९ रोजी, एका वर्षात तुरुंग बंद करण्याच्या आदेशावर सही केली. मग तो आजही उघडा कसा? जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाची सही कुठे अडली?

‘अमेरिका मुसलमानांची दुश्मन आहे, म्हणून’ हे उत्तर आपल्या कट्ट्यांवर सर्रास मिळते. ते सोपे आहे, आणि म्हणूनच ते आपल्याला काही शिकवत नाही. माझ्या मते ग्वांतानामो कोणा एका दुष्ट माणसामुळे उघडा राहिलेला नाही. कायद्यातली छोटी छोटी कलमे, प्रमाणपत्रे, अंदाजपत्रकातल्या तरतुदी आणि मतांची भीती यांनी तो उघडा ठेवला आहे. जुलूम चालू ठेवायला दरवेळी जल्लाद लागत नाही, कारकूनही पुरतो.

आधी जागा समजून घेऊ. क्यूबाच्या आग्नेय टोकाला हा अमेरिकी नौदलाचा तळ आहे, १९०३ पासून भाड्याने घेतलेला. भाडे वर्षाला चार हजार डॉलरच्या थोडे वर. क्यूबाचे सरकार कित्येक दशके ते धनादेश वटवत नाही, पण करार असा आहे की दोघांची संमती असल्याशिवाय तो संपत नाही. २००२ साली अमेरिकेच्या सरकारी वकिलांना या जागेत नेमके हेच दिसले. जमीन क्यूबाची, ताबा अमेरिकेचा. म्हणजे अमेरिकी न्यायालयाचा हात तिथे पोहोचणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा २००८ च्या बूमेदियन खटल्यात हा हिशेब चुकीचा ठरवला. कैद्यांना आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागायचा हक्क आहे, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. आपण हक्क मिळाला की लढाई संपली असे समजतो. दाद मागता येणे आणि दार उघडणे यांत किती अंतर असते, ते पुढच्या वर्षांनी दाखवले.

एकूण सुमारे ७८० पुरुष आणि मुले या तुरुंगात आणली गेली. ती पकडली कोणी? अमेरिकेतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या कायदा विभागाने २००६ मध्ये सरकारच्याच कागदपत्रांवरून हिशेब मांडला. अमेरिकी सैन्याने स्वतः पकडलेले फक्त पाच टक्के. ८६ टक्के लोकांना पाकिस्तानने किंवा अफगाणिस्तानातल्या नॉर्दर्न अलायन्सने पकडून अमेरिकेच्या हवाली केले होते, तेही अशा काळात जेव्हा विमानांतून बक्षिसांची पत्रके टाकली जात होती. जनरल मुशर्रफ यांनी आपल्या आत्मचरित्रात ३६९ जणांना अमेरिकेकडे सोपवल्याचे आणि त्यापोटी लाखो डॉलरची बक्षिसे मिळाल्याचे अभिमानाने लिहिले आहे. उम्मतीच्या नावाने अश्रू गाळताना हे पानही वाचायला हवे.

कराचीचे टॅक्सीचालक अहमद रब्बानी हे त्याच हवालीतले. २००२ मध्ये त्यांना उचलले, ते दुसराच एक माणूस समजून. हे अमेरिकेच्या सिनेट समितीच्या छळाविषयीच्या अहवालात नोंदलेले आहे. तरीही सरकारने त्यांच्यावर दुसरे संशय ठेवले, आरोपपत्र मात्र कधीच ठेवले नाही. २०२३ मध्ये ते सुटले. अटकेनंतर जन्मलेला मुलगा तोवर वीस वर्षांचा झाला होता.

आता ओबामांच्या आदेशाकडे येऊ. तेव्हा तुरुंगात २४२ कैदी होते. आदेशावर सही झाली, पण सहीमागे पैसा लागतो, आणि पैशाची पिशवी संसदेच्या हातात. मे २००९ मध्ये सिनेटने तुरुंग बंद करण्यासाठी मागितलेले आठ कोटी डॉलर ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारले. त्या सिनेटमध्ये बहुमत ओबामांच्याच पक्षाचे होते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘डेमोक्रॅट चांगले, रिपब्लिकन वाईट’ अशी आपली सोयीची विभागणी त्या एका मतदानात कोसळते. टीव्हीवर नेते विचारत होते की दहशतवादी तुमच्या मोहल्ल्यात आणून ठेवायचे का? ज्या अमेरिकी तुरुंगांत बॉम्बस्फोटाचे आरोपी आधीच वर्षानुवर्षे जन्मठेप भोगत होते आणि एकही पळाला नव्हता, त्यांच्याविषयी हा प्रश्न होता. उत्तराची कोणाला गरजच नव्हती. प्रश्नानेच काम केले.

पुढच्या पायरीवर खरी गाठ बसली. २०११ सालच्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घातले गेले. ग्वांतानामोच्या कोणत्याही कैद्याला अमेरिकेच्या भूमीवर आणण्यासाठी एक डॉलरही खर्च करायचा नाही. खटल्यासाठी नाही, शिक्षेसाठी नाही, उपचारासाठीही नाही. मग त्यांना ठेवता येईल अशी जागा अमेरिकेत बांधायलाही बंदी आली. आणि हे कलम दरवर्षी नव्या कायद्यात जसेच्या तसे येत राहिले. हा कायदा म्हणजे सैनिकांचा पगार आणि जहाजांचा दारूगोळा. तो नाकारायला कोणता राष्ट्राध्यक्ष धजेल? ओबामांनी २०१५ मध्ये एकदा नकाराधिकार वापरला, त्यात ग्वांतानामोचेही कारण दिले. महिन्याभरात दुरुस्त मसुदा आला, कलम त्यात तसेच होते, आणि या वेळी त्यांनी सही केली.

उपचाराच्या बंदीचा अर्थ काय होतो, हेही पाहा. कैदी आता म्हातारे होत आहेत. एका इराकी कैद्याच्या पाठीच्या कण्याचे आजारपण बळावले, तेव्हा त्याला विमानाने फ्लोरिडाला नेता येत नव्हते. म्हणून शल्यचिकित्सक आणि यंत्रसामग्री बेटावर नेली गेली आणि एकामागून एक शस्त्रक्रिया तिथेच झाल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने काढलेल्या हिशेबानुसार ४० कैद्यांवर वर्षाला ५४ कोटी डॉलर खर्च होत होते, म्हणजे माणशी सव्वा कोटीहून अधिक डॉलर. सरकारी पैशाच्या उधळपट्टीवर रोज भाषणे देणारे लोकच या खर्चाच्या बाजूने मत देतात.

पण संसदेला सगळा दोष देऊन ओबामांना सोडून देणेही बरोबर नाही. त्यांनी नेमलेल्या कार्यदलाने २४० कैद्यांच्या फायली तपासल्या आणि जानेवारी २०१० मध्ये निष्कर्ष काढला. १२६ जणांना दुसऱ्या देशांत पाठवता येईल. ३६ जणांवर खटले चालवता येतील. ३० येमेनींना त्यांच्या देशातली स्थिती सुधारली तर पाठवता येईल. आणि उरलेले ४८? त्यांच्यावर खटला चालवण्याइतका पुरावा नाही, पण सोडणेही धोक्याचे, म्हणून त्यांना खटल्याविना तसेच ठेवायचे. त्यांच्यासाठी इलिनॉय राज्यातल्या थॉमसन गावचा एक तुरुंग पाहून ठेवला होता. म्हणजे कुलूप तेच, फक्त इमारत दुसरी. मुदत नसलेली कैद हा ग्वांतानामोचा खरा आजार आहे. समुद्र, तार, नारिंगी कपडे ही त्याची लक्षणे. आजार अमेरिकेच्या भूमीवर नेऊन तुरुंग ‘बंद झाला’ म्हणता आले असते. मला वाटते, त्या योजनेला ज्या मानवाधिकार संघटनांनी विरोध केला त्या बरोबर होत्या.

न्यायालयांत काय झाले? २०१० पर्यंत जिल्हा न्यायाधीश अनेक कैद्यांच्या बाजूने निकाल देत होते. ओबामांचेच न्याय खाते त्यांविरुद्ध अपिलात जात होते. अदनान लतीफ या येमेनी कैद्याची गोष्ट यात सर्वांत जड आहे. अपघातात डोक्याला झालेल्या दुखापतीवर स्वस्त उपचार शोधत आपण घर सोडले, असे तो सांगत असे. सरकारच्या छाननीने त्याला पाठवण्यायोग्य ठरवले होते. २०१० मध्ये न्यायाधीशाने सुटकेचा आदेश दिला. वरच्या न्यायालयाने तो फिरवला. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये तो कोठडीत मेला. या तुरुंगात मेलेल्या नऊ जणांपैकी तो एक. त्याला कोणत्या गुन्ह्याची शिक्षा झाली असे विचारले तर कागदावर उत्तर सापडणार नाही.

दुसरी गाठ छळाची आहे, आणि ती पहिलीहून घट्ट आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांत जवळपास तीन हजार माणसे मारली गेली. त्या कटाचा सूत्रधार म्हणवला जाणारा खालिद शेख मोहम्मद २००३ मध्ये रावळपिंडीत पकडला गेला. त्याला सरळ न्यायालयात उभे केले असते तर पुरावे होते, कायदा होता, न्यायाधीश होते. त्याऐवजी सीआयएने त्याला गुप्त तळांवर नेले. एकट्या मार्च २००३ मध्ये त्याच्यावर १८३ वेळा वॉटरबोर्डिंग केले, म्हणजे तोंडावर कापड टाकून, पाणी ओतून बुडण्याचा अनुभव दिला. आता त्याचा कोणता जबाब खरा मानायचा? छळाचे तपशील गुप्त ठेवायचे आणि त्याच वेळी खुला खटला चालवायचा, हे कसे जमणार? वकील आणि अशील भेटतात त्या खोल्यांतल्या धूर ओळखणाऱ्या यंत्रांत ध्वनिग्राहक बसवलेले होते, हे २०१३ मध्ये उघड झाले. पाच आरोपींना २०१२ मध्ये लष्करी आयोगापुढे उभे केले, तेव्हापासून एकामागून एक न्यायाधीश बदलले, आणि खटल्याची मुख्य सुनावणी अजून सुरू झालेली नाही. पाचपैकी एक जण खटल्याला तोंड देण्याच्या मानसिक अवस्थेत नाही, असे २०२३ मध्ये न्यायाधीशांनीच ठरवले.

या सगळ्यावर ३१ जुलै २०२४ रोजी एक तोडगा निघाला होता. तीन आरोपी गुन्हा कबूल करतील, फाशीऐवजी जन्मठेप घेतील आणि हल्ल्यात आपली माणसे गमावलेल्या कुटुंबांच्या प्रश्नांना उत्तरे देतील. दोन दिवसांत संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी तो रद्द केला. लष्करी न्यायाधीशाने तो वैध ठरवला, तर जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने मंत्र्यांची बाजू उचलून धरली. कुटुंबांत मतभेद होते. काहींना फाशीच हवी होती, काही वर्षानुवर्षे विमानाने त्या बेटावर जाऊन तारखा ऐकून थकले होते. छळाने कैद्यांचे काय केले हे आपण लिहितो. पण त्याने या तीन हजार मृतांच्या वारसांचाही इन्साफ हिरावून घेतला, हे आपल्या लिखाणात सहसा येत नाही. यायला हवे. निरपराधांना मारणाऱ्याला न्यायालयात शिक्षा व्हावी, ही मागणी जितकी त्यांची आहे तितकीच आपलीही असली पाहिजे. नाहीतर ग्वांतानामोविषयी बोलण्याचा आपला हक्क अर्धाच राहतो.

नागरी न्यायालयात हे जमले असते का? एकच उदाहरण आहे. अहमद घैलानी याला बंदीचे कलम येण्याआधी न्यूयॉर्कला आणले गेले. ज्युरीने २८५ पैकी २८४ आरोपांतून त्याला मुक्त केले आणि एकात दोषी धरले. लगेच ओरड झाली की बघा, नागरी न्यायालये नरम आहेत. त्या एका आरोपावर त्याला जन्मठेप झाली आणि तो आजही अमेरिकेतल्या तुरुंगात आहे. तेवढ्या काळात लष्करी आयोगांनी बोटांवर मोजता येतील इतक्या शिक्षा दिल्या आणि त्यांतल्याही काही पुढे रद्द झाल्या. पण ‘२८४’ हा आकडा भाषणात चांगला वाजतो.

तिसरी अडचण अशी की ज्यांना सोडायचे ठरले, त्यांना पाठवायचे कुठे? कायद्याने संरक्षणमंत्र्यांनी दरवेळी लेखी हमी द्यायची, घेणारा देश काय देखरेख ठेवेल ते सांगायचे आणि संसदेला तीस दिवस आधी कळवायचे. सुटलेल्या माणसाने उद्या काही केले तर सही कोणाची, हे फाइलवर कायमचे राहते. म्हणून मंत्री सही लांबवतात. येमेन, लिबिया, सोमालिया, सीरिया या देशांत पाठवायला बंदीच आहे. आणि सर्वाधिक उरलेले कैदी येमेनी.

चीनमधून परागंदा झालेल्या २२ उइगुरांचे प्रकरण यात सर्वांत शरमेचे आहे. ते अमेरिकेचे शत्रू नाहीत हे अमेरिकेनेच मान्य केले होते. चीनला परत पाठवले तर छळ होईल, म्हणून तिकडे पाठवता येत नव्हते. २००८ मध्ये एका न्यायाधीशाने त्यांतल्या सतरा जणांना अमेरिकेतच सोडायला सांगितले, तर अपील न्यायालयाने ते रोखले. या बावीस जणांसाठी दारोदार विनवणी करावी लागली. पाच अल्बानियात, चार बर्म्युडात, सहा पलाऊ नावाच्या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटदेशात, दोन स्वित्झर्लंडमध्ये, दोन एल साल्वादोरमध्ये. शेवटचे तीन डिसेंबर २०१३ मध्ये स्लोव्हाकियात. यादी पुन्हा वाचा. मुस्लिमबहुल देश एकच, अल्बानिया. बाकीच्यांना बीजिंगशी व्यापार प्यारा होता. ज्या पलाऊत मशीद शोधावी लागते तो देश पुढे आला आणि ज्यांच्या झेंड्यावर कलमा आहे ते गप्प बसले.

उलट उदाहरणही सांगायला हवे. ओमानने अनेक येमेनींना जागा दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणखी अकरा जणांचे विमान निघण्याच्या तयारीत होते. ७ ऑक्टोबरला इस्राएलवर हमासचा हल्ला झाला आणि वॉशिंग्टनने ते विमान थांबवले. त्या अकरा जणांचा गाझाशी काहीच संबंध नव्हता. ते त्यानंतर सव्वा वर्ष तसेच बसून राहिले आणि ६ जानेवारी २०२५ ला ओमानला पोहोचले. ‘वातावरण’ हे कारण कोणत्याही कलमात लिहिलेले नसते, पण कैद लांबवायला तेवढे पुरते.

इथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आपल्याकडची प्रकरणे येतील. मुंबईच्या २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यातले बारा जण उच्च न्यायालयातून निर्दोष ठरायला जुलै २०२५ उजाडला. त्याविरुद्ध सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. ती एकोणीस वर्षे कोणी परत देऊ शकत नाही. तरी तिथे आरोपपत्र होते, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, अपील झाले, म्हणूनच कोणीतरी पुरावा तपासून ‘नाही’ म्हणू शकले. ग्वांतानामोत बहुतेकांच्या नशिबी तो ‘नाही’सुद्धा आला नाही, कारण तपासायला आरोपच नव्हता. विनाखटला स्थानबद्धतेचे कायदे आपल्या देशातही आहेत. त्यांची मुदत कोण वाढवतो आणि कोणत्या कागदावर, हे ज्याला शोधता येते त्याच्या रागाला धार येते.

अमेरिकेत हे काम करणारे लोक होते आणि त्यांतले कित्येक लष्करी गणवेशात होते. नौदलाचे वकील चार्ल्स स्विफ्ट यांना हमदान या येमेनी कैद्याकडून कबुली मिळवण्यासाठी नेमले गेले होते. ते त्याच्या वतीने थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये बुश यांचे लष्करी आयोग बेकायदा ठरवून घेतले. त्याच वर्षी त्यांची बढती हुकली आणि त्यांना नौदल सोडावे लागले. कैद्यांनीही आपल्या हातात होते ते शस्त्र वापरले. २०१३ मध्ये कोठड्यांच्या झडतीत कुरआनच्या प्रती हाताळल्याच्या तक्रारीवरून उपोषण सुरू झाले आणि १६६ पैकी शंभराहून अधिक जण त्यात उतरले. रमजान आला तेव्हा सरकारने न्यायालयात सांगितले की नाकातून नळी घालून अन्न देण्याचे काम शक्यतो मगरीबनंतर आणि फजरआधी केले जाईल. रोजा पाळू देतो, उपोषण करू देणार नाही. पण त्या उपोषणाने वर्तमानपत्रांत जागा मिळवली आणि थांबलेल्या रवानग्या पुन्हा सुरू झाल्या. ओबामा गेले तेव्हा ४१ उरले होते, बायडेन गेले तेव्हा १५.

त्या पंधरांपैकी तिघांना सोडायला हरकत नाही असे ठरलेले होते, तिघांवर ना आरोप ना सुटका, सात जणांवर आयोगापुढे प्रकरणे चालू आणि दोघांना शिक्षा झालेली. त्या तिघांत अबू झुबैदा आहे, ज्याच्यावर २००२ मध्ये ८३ वेळा वॉटरबोर्डिंग झाले आणि ज्याच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही.

२९ जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी त्याच तळावर तीस हजार स्थलांतरितांना ठेवण्याची तयारी करायला सांगितले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतून पकडलेल्या स्थलांतरितांची विमाने तिथे उतरू लागली. त्यांतल्या काहींना त्याच दहशतवादी संशयितांसाठी बांधलेल्या इमारतीत ठेवले गेले, आणि त्यांच्या वकिलांना पहिले काही दिवस आपले अशील नेमके कुठे आहेत हे कळवून घेण्यासाठीच न्यायालयात जावे लागले.